विहिरीतला भंडारा

"इश्वास बसायचा न्हाई तुमचा. कुणाचाच बसत न्हाई. पर ह्या डोळ्यांनी बघितलंय म्या!"

म्हाळू आबांनी एवढं म्हटलं की विहिरीभोवतीची गर्दी गप्प व्हायची. दौंडहून, शिक्रापूरहून माणसं गाड्या करून यायची. मांडवगणच्या वाटेवरचा क्रोम प्लेटिंगचा कारखाना कधीच बंद पडला होता, मालक परागंदा झाला होता. उरली होती आवारातली विहीर आणि तिच्यातलं पिवळंधमक पाणी.

"सोमवतीचा दिस. सगळं गाव जेजुरीला. मागं मी, म्हातारी आन् कुत्री. भर दुपारी पांढऱ्या घोड्यावर देव आला! टापेच्या खड्ड्यात दोन मेंढरं बसावीत, येवढा घोडा! त्येनं खोगिराचं पोतं सोडलं आन् भंडारा विहिरीत वतला."

मागच्या महिन्यात त्या खड्ड्यात एकच कोकरू मावत होतं. पण भक्तांना हिशेब कुठला सुचतो?

घोडा पहिल्यांदा आबांच्या तोंडून निघाला तो भारतच्या दहाव्याला. भारत त्यांचा एकुलता एक. याच कारखान्यात टाक्यांवर कामाला होता. नाकाचा पडदा झडला, मग छाती गेली. दहाव्याला माणसं कुजबुजत होती, विहिरीत काय ओतलं, कुणी ओतलं. आबांनी घोडा सोडला आणि कुजबुज थांबली.

तो घोडा आण्णा महाराजांनी पकडला. पूर्वी ते शिक्रापूरला ट्रकांना लिंबू-मिरची बांधायचे. आता बाटल्या भरत ओरडायचे, "देवाचं डायरेक्ट कनेक्शन, माउली! फिल्टर नको, डॉक्टर नको. उपाशीपोटी एक झाकण, रोग बायपास!"

आबाही रोज एक झाकण घ्यायचे. न चुकता, डोळे मिटून. नातीला, समृद्धीला मात्र देत नसत. "लहान हाय, सोसायचं न्हाई," म्हणत.

त्या दिवशी विहिरीपाशी बोअरची गाडी उभी राहिली. बरोबर धनश्रीताई, माती-पाणी तपासणाऱ्या.

"कारखाना गेला, मालक गेला," त्या म्हणाल्या. "ही जमीन कुणी तपासायची? म्हणून सरकारनं निधी दिलाय. माती किती खोल बिघडलीय, पाणी कुठवर गेलंय, ते बोअर घेतल्याशिवाय कळणार नाही. गावानं आज नको म्हटलं तर हा पैसा परत जाईल."

"देवाच्या छाताडात ड्रिल घालता?" आण्णा कडाडले.

"छाताड राहू द्या. आबा, तुमची चुन्याची डबी देता?"

आबांनी कमरेची चंची सोडली. ताईंनी आण्णांच्याच ताटातला भंडारा एका पेल्यात कालवला. दुसऱ्यात विहिरीचं पाणी घेतलं. दोन्हींत चुना टाकला. पहिला पेला बघता बघता लालभडक झाला.

"अगं बया, हळदीचं कुंकू!" बायका म्हणाल्या.

दुसरा होता तसाच राहिला. पिवळा.

"हळद असती तर चुन्यानं लाल झाली असती," ताई म्हणाल्या. "शिवाय हळद पाण्यात बसते, तळाशी गाळ होतो. हे पाणी इतक्या वर्षांत निवळलं नाही. हे टाक्यांतलं क्रोम वाटतं मला. विष आहे ते. कुठवर मुरलंय, ते तेवढं बघू द्या."

"देवाची हळद निराळी असते, ताई! तिला चुना लागत न्हाई!" आण्णांनी बाटलीचं झाकण भरलं आणि समृद्धीच्या हातात दिलं. "आबांची नात पिऊन दाखवील. पी गं बाळा. ज्येनं देव बघितला त्येचीच नात तू!"

पोरीनं आजोबांकडं बघितलं. "पिऊ, आबा?"

सगळी गर्दी आबांकडं बघत होती.

"इश्वास..." आबा म्हणाले. "इश्वास बसायचा न्हाई तुमचा. सोमवतीचा दिस... पांढरा घोडा..."

पोरीनं झाकण ओठाशी नेलं. आबांचा हात उठला आणि अधांतरीच राहिला. घोडा पुढं जाईना.

गर्दीतून वच्छलाबाई आल्या. आबांच्या कारभारीण. त्यांनी नातीच्या हातातलं झाकण काढून पाणी पेल्यात ओतलं आणि तिची बोटं पदरानं पुसली.

"ताई, बोअर घ्या. देव आसंल तर त्येला तपासणीचं भ्या कशाला? आन् नसंल तर आमाला कळू द्या, आमी काय पितोय. त्या कोपऱ्यात घ्या, पायरीच्या डाव्या अंगाला. तितनं वतलं."

"कुणी ओतलं?" कुणीतरी विचारलं.

"वच्छे, गप," आबा पुटपुटले.

"लई दिस गप ऱ्हायले. त्येचा त्या दिवशीचा सदरा मी धुतलाय. हळदीचा डाग उन्हात उडतो. त्यो डाग अजून हाय तसा हाय." त्या आबांकडं वळल्या. आवाज चढला नाही, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "खोटं बोलताय तुमी. घोडा न्हवता. मालकाचा टँकर व्हता. आन् त्यो चालवत आपला भारत व्हता."