डाव्या वाटेवरची रास

मी दगडांची एक जुनी रास आहे, मित्रांनो. ओमानच्या जबल अख्दर डोंगरात जुनी गाढववाट जिथे दुभंगते, तिथे मी उभी आहे. माझ्या बाजूने पायऱ्या वर गावाला जातात. डावीकडची वाट सपाट, रुंद, दिसायला मोठी गोड आहे, पण थोडी पुढे जाऊन ती कड्यावर संपते. दाट धुक्यात माणसाला स्वतःचा हात दिसत नाही, म्हणून जुन्या लोकांनी मला रचलं. नियम एकच. हाताला रास लागली की ती वाट घरची. डावीकडे कुणी दगडावर दगड ठेवत नाही.

येणारा-जाणारा माझ्यावर एक दगड ठेवतो आणि मोठ्याने सलाम करतो. पलीकडे कुणी असेल तर त्याला कळावं म्हणून. सलाम ऐकला की जबाब द्यायचा, मग माणूस ओळखीचा असो वा नसो.

नासिरचा सलाम मी कुठेही ओळखेन. तो हौसेने डोंगरात धावायला यायचा. धापा टाकत, अर्धा शब्द गिळत सलाम करायचा. धावताना त्याचा डावा पाय जरा जोरात आपटायचा. त्याचे चुलते खल्फानकाका इथेच शेळ्या चारतात. त्यांना तो हसत सांगायचा, "काका, झुवैना म्हणते, तुमच्या मागे कुत्रं लागलंय का, एवढं पळायला?" झुवैना म्हणजे त्याची बायको. ती समुद्रकाठच्या सूर गावची. तो किती वेळा 'चल' म्हणाला, पण ती एकदाही आली नाही.

मग एका हिवाळ्यात नासिर खाली हमरस्त्यावर अपघातात गेला. तेव्हापासून धुकं उतरलं की पायऱ्यांवर पावलं वाजू लागली. डावा पाय जोरात. पावलं माझ्यापाशी येत आणि थांबत. दगड मात्र पडत नसे, सलामही नाही. मला भीती वाटायची, मित्रांनो. दगडालाही भीती वाटते.

विधवेने घरात काढायचे इद्दतीचे दिवस संपल्यावर झुवैना आली. बेचाळिशीची बाई, लांब सदरा, डोक्याला घट्ट रुमाल, पायांत कोरे करकरीत बूट. पहिल्या दिवशी ती खालच्या वळणापासून वाऱ्यासारखी सुटली आणि माझ्यापाशी येऊन मटकन बसली. तोंडाला फेस आला होता.

खल्फानकाका थर्मासमधून कॉफी ओतत म्हणाले, "पळतेस कसली पोरी! माझी म्हातारी शेळी तुझ्याआधी पोचली."

"तुमच्या शेळीला चार पाय आहेत, काका."

"अक्कलही आहे. चढावर ती चालते. तू चढावर चाल, सपाटीला पळ. आणि मुळात पळायचं कशाला या वयात?"

झुवैनाने बुटाची नाडी सैल केली. मग म्हणाली, "ते म्हणायचे, वर धावताना डोकं रिकामं होतं. माझं डोकं फार भरलंय, काका."

काकांनी तिच्या हातावर दोन खजूर ठेवले.

ती येत राहिली. पायऱ्या तिला झेपत नसत. चार पायऱ्या चढली की श्वास कोंडायचा. म्हणून ती डाव्या सपाट वाटेवर धावायची, कड्याच्या अलीकडून परतायची आणि वाटेच्या तोंडाशी एक दगड ठेवायची. "नासिर, आज एवढं जमलं," असं हळूच म्हणायची आणि कान देऊन उभी राहायची. जबाब यायचा नाही. दगडावर दगड चढत गेले. माझ्यापासून थोड्याच अंतरावर दुसरी रास उभी राहिली. सूरच्या पोरीला डोंगरचा नियम कोण सांगणार? काकांनी सांगितला असता, पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांना ती रास दिसलीच नाही, आणि गावातले बाकीचे आता बहुतेक गाडीरस्त्यानेच ये-जा करतात.

एका दुपारी धुकं उतरलं. शेळ्या पुढे आल्या आणि मला बिलगून उभ्या राहिल्या. मागून काका काठी टेकत, हात पुढे करून चाचपत आले. त्यांचा हात आधी तिच्या राशीला लागला. "अल्हम्दुलिल्लाह," म्हणून ते डावीकडे वळले.

मित्रांनो, तेव्हा तोंड असतं तर मी किंचाळले असते. काठीची टकटक दूर गेली. मग दगड घरंगळले आणि सगळं शांत झालं.

थोड्या वेळाने धुकं जरा विरळ झालं आणि झुवैना धावत आली. तिने शेळ्या पाहिल्या. काका नाहीत. आपल्या राशीचे वरचे दगड ढळलेले तिला दिसले. राशीपलीकडे काठीच्या खुणा होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं, परत तिकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला, मी हे काय करून ठेवलं!"

मग गळ्याची शीर फुगेपर्यंत ती ओरडली, "सलाम आलेकुम!"

कड्याखालून क्षीण आवाज आला, "वालेकुम सलाम..." काका जिवंत होते. खालच्या कपारीतल्या रानऑलिव्हच्या झाडाने त्यांना धरलं होतं.

आणि लगेच दुसरा जबाब आला. माझ्या मागून, पायऱ्यांवरून. धापा टाकत, अर्धा शब्द गिळत.

झुवैना पांढरीफटक पडली. पण थांबली नाही. माणसं आणि दोर वर गावातच होते. जिथे चार पायऱ्यांत तिचा श्वास कोंडायचा, तिथे ती धावत सुटली. मी पावलं ऐकली. दोन नव्हती, चार होती. एक डावा पाय जोरात आपटत होता.

गावकऱ्यांनी दोर टाकून काकांना वर काढलं. पायाचं प्लास्टर निघाल्यावर ते माझ्यापाशी आले, तेव्हा झुवैना डाव्या वाटेवरचे दगड उचलून एकेक करून माझ्यावर ठेवत होती.

"काका, त्या दिवशी तुम्ही किती वेळा जबाब दिलात?"

"एकदाच. दुसऱ्यांदा बोलायला दम कुठे होता, पोरी?"

तिने मान हलवली, शेवटचा दगड माझ्यावर ठेवला आणि डोळे पुसून पायऱ्या धावत चढून गेली. त्यानंतर धुक्यात पावलं वाजली नाहीत. खरं सांगू? मला चुकल्यासारखं वाटतं.

मित्रांनो, आपल्या माणसाच्या आठवणीला दगड जरूर रचा, पण जिथे कुणी वाट चाचपत येणार आहे तिथे नको. आणि धुक्यातून सलाम आला तर कुणाचा आहे, हे बघत बसू नका. जबाब द्या.