घोट्याचं पान

जळगावातल्या मेहरूणच्या मंडळाची चढाई संघाचे जुने शिक्षक देवचंद नानांनी जीवरामच्या गळ्यात घातली, तेव्हा कबड्डीच्या मैदानावर जमलेले सगळे गडी हसले. हसण्यासारखंच होतं. जीवराम हा कोपऱ्याचा माणूस. खेळत होता तेव्हा डाव्या कोपऱ्यात दबा धरून बसायचा आणि चढाईला आलेल्याचा घोटा असा धरायचा की त्याला आजी आठवावी. पण स्वतः समोरच्या अंगणात चढाईला जायचं म्हटलं की हाच दुसऱ्याला पुढे ढकलायचा. त्या खेळण्यालाही आता बारा वर्षं झाली होती. सत्त्याहत्तरच्या एका अंतिम सामन्यानंतर त्याने खेळ सोडला. तेव्हापासून एसटीच्या वर्कशॉपमधून सुटला की मैदानावर यायचं आणि फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायच्या, एवढंच त्याच्याकडे उरलं होतं.

"पकड मी देखस, चढाई तू देख," नाना म्हणाले. पकड त्यांना कुणाच्या हाती द्यायची नव्हती, आणि चढाई शिकवायला दुसरं कुणी नव्हतं. "संक्रांतले धुळ्याले सामना शेतस. तठे पहिल्याच फेरीमा हारनूत, तर तू आनि तुन्हा फक्कीना डबा."

जीवरामने मान हलवली. त्याला हे काम हवं होतं. काठावर उभं राहून दुसऱ्यांचा खेळ बघण्याचा त्याला इतका कंटाळा आला होता की नानांनी घोडेस्वारी शिकवायला सांगितली असती तरी तो हो म्हणाला असता.

त्याने शंभर पानी वही आणली. पितळी थाळीत सात सरक्या मांडल्या, ते समोरचे गडी. एक चिंचोका, तो आपला चढाईवाला. चिंचोका इकडून नेऊन बघायचा, तिकडून नेऊन बघायचा, डोकं खाजवायचा. त्याच्या बायकोने, सुंदरबाईने, दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सरक्यासनं जेवन हुई गयं व्हई, तर थाळी दे. आम्हीन बी जेवसूत."

पण तिनेच त्याला वाट दाखवली. "तुले चढाई येत नही, मान्य," ती म्हणाली. "पन कोनता मानूस उना म्हनजे तुन्ही तंतरायची, हाई तर तुले ठाऊक शे ना? तेच लिख."

जीवरामला हे एकदम पटलं. कोण आला की आपली पकड चुकायची? कोण खांद्याने हूल द्यायचा, कोण खाली बघून वर हात मारायचा, कोण दम संपल्याचं सोंग करायचा? एकेक गडी आठवत गेला आणि वही भरत गेली. पंधरा दिवसांत एकतीस डाव झाले. प्रत्येकाचं चित्र, खाली दोन ओळी. आपल्याला ज्यांनी ज्यांनी धूळ चारली त्यांची ही यादी आहे, हे त्याच्या लक्षात आलं आणि थोडं हसूही आलं.

पहिल्याच सरावाला फजिती झाली. चढाईचा मुख्य गडी निंबा, वीटभट्टीवर काम करणारा, अंगाने काटक आणि डोक्याने सरळ. त्याने पान पाहिलं, चढाईला गेला आणि हूल द्यायची तिथे मिठी मारल्यासारखा तिघांच्या मध्ये जाऊन पडला. दुसरा डावही तसाच. तिसराही. नाना लांबून मिशीत हसत होते. शेवटी निंबा वही घेऊन आला. "भाऊ, आठे डावा लिखेल शे, पन डावीकडे तर बठ्ठा गडी उभा शेतस."

जीवरामने वही हातात घेतली आणि कपाळावर हात मारला. एकतीसच्या एकतीस चित्रं त्याने कोपऱ्यात बसून काढली होती. चढाईवाला समोरून आपल्या अंगावर येतोय, अशी. त्याचं डावं ते निंबाचं उजवं. बारा वर्षांनी चढाईचा शिक्षक झाला तरी माणूस अजून आपल्याच कोपऱ्यात बसलेला होता. त्याने सगळी वही उलटी धरून पुन्हा लिहून काढली.

मग मात्र गाडी रुळावर आली. निंबा गुण आणू लागला. पण एक गोष्ट काही केल्या सुटेना. घोटा धरला गेला की निंबा संपला. तो पाय मागे ओढायचा, समोरचा आणखी आवळायचा, बाकीचे अंगावर पडायचे. धुळ्याला पहिलीच गाठ शिरपूरच्या संघाशी होती, आणि त्यांचा कोपऱ्याचा गडी झुलाल घोट्यासाठीच ओळखला जायचा. "घोटानं पान कोठे शे?" असं निंबाने दोनदा विचारलं. जीवराम दोन्ही वेळा म्हणाला, "लिखस."

ते पान कोरं होतं. मुद्दाम कोरं ठेवलेलं होतं.

जीवरामच्या हातातून घोटा सोडवून गेलेला माणूस आयुष्यात एकच, धुळ्याचा मगन. सत्त्याहत्तरच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या चढाईला. मगन सुटला, त्याचा हात मधल्या रेषेला लागला, पंचांनी गुण दिला आणि मेहरूण हरलं. हात लागलेला जीवरामने वीतभर अंतरावरून पाहिला होता. पण नानांनी धावत येऊन विचारलं, "लागना का रे हात?" आणि जीवराम म्हणाला, "नही."

एक शब्द. त्या शब्दावर विश्वास ठेवून नाना पंचांच्या अंगावर धावून गेले, मंडळावर दोन वर्षांची बंदी आली, आणि मेहरूणमध्ये मगनचं नाव चोर पडलं. जीवरामने गुडघ्याचं कारण सांगून खेळ सोडला. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

मगन तो पाय कसा सोडवून गेला, हेही जीवरामला नीट ठाऊक नव्हतं. घोटा धरणाऱ्याचं तोंड मातीत असतं; पाय सुटल्यावरच त्याने मान वर केली होती. एका रविवारी त्याने धुळ्याची एसटी धरली.

पाचकंदील चौकापाशी मगनचं सायकलचं दुकान होतं. त्याने जीवरामला लगेच ओळखलं, पण चाकाची तार आवळायचं काम थांबवलं नाही. जीवरामने आल्याचं कारण सांगितलं. मग बारा वर्षं कुणालाच न सांगितलेलं तेही सांगितलं. "तुन्हा हात लागना व्हता. मी देखं व्हतं."

"माले ठाऊक शे," मगन म्हणाला. त्याने पाना खाली ठेवला, उठला आणि दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत जीवरामला आपला घोटा धरायला लावला. "बठ्ठा गडी पाय मांगे वढतस. वढानं नही. पाय तेन्हाच छातीकडे घालाना. तो दचकस, हात ढिला पडस. मंग मधली रेघकडे आडवं व्हई जावानं." तीनदा करून दाखवलं. तिन्ही वेळा जीवरामची मूठ रिकामी राहिली.

निघताना मगन एवढंच बोलला, "मन्ही बहीण केसर मेहरूणले दिधेल शे. बारा वरीस मी तिन्हा घर गऊ नही. तठे गऊ तर लोके काय म्हनतीन, तिले ऐकनं पडी."

त्याने काही अट घातली असती तर बरं झालं असतं. जीवराम परतीच्या वाटेवर खिडकीतून बाहेर बघत राहिला आणि त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सरावाला सगळ्या गड्यांसमोर त्याने नानांना सांगितलं. गुडघ्याचंही सांगितलं. नाना सत्तरीचे, आवाज भांडं आपटल्यासारखा मोठा. पण त्या दिवशी तो चढला नाही. उठताना म्हणाले, "धुळ्यालोंग चढाई तुन्ही. मंग देखसूत." त्यानंतर त्यांनी जीवरामशी बोलणं टाकलं. जीवरामने घोट्याचं पान लिहिलं, वर मगनचं नाव घातलं, आणि निंबाचा पाय स्वतः धरून त्याला तो डाव शिकवला. आपलं इथलं काम संक्रांतीपर्यंतच आहे, असं तो धरून चालला होता.

धुळ्याचं मैदान गच्च भरलं होतं. मगनही गर्दीत एका बाजूला उभा होता. शिरपूर एका गुणाने पुढे, आणि शेवटची चढाई निंबाची. तो गेला, उजव्या कोपऱ्याला हूल दिली आणि वळताना झुलालने त्याचा घोटा धरला. चांगला धरला. जीवरामच्या बोटांना ती पकड इथून कळली. आणखी एक गडी निंबाच्या कमरेला लटकला. निंबाने पाय ओढला नाही. तो झुलालच्या छातीकडे घातला, आणि पुढच्या क्षणी मधल्या रेषेकडे हात टाकून लांबलचक आडवा झाला.

पंचांची शिट्टी वाजली. दोन गुण मेहरूणला.

एकच गलका झाला. शिरपूरचे शिक्षक तरातरा आत आले, पंचांना बाजूला सारून झुलालसमोर उभे राहिले. "हात लागना का रे?"

जीवराम जागेवरून उठला. झुलाल मातीत बसला होता, तोंडाला माती, हात रिकामे. त्याने एकदा रेषेकडे पाहिलं, एकदा आपल्या शिक्षकांकडे. बावीस-तेवीसचा गडी, सगळं शिरपूर त्याच्याकडे बघत होतं.

"लागना, सर," तो म्हणाला.

शिक्षक तिथेच थांबले. मग वळले आणि पंचांचा हात हातात घेतला. निंबाला खांद्यावर घेऊन मेहरूणचे गडी नाचत होते. जीवराम त्यांच्याकडे गेला नाही. तो झुलालपाशी गेला, त्याला हात देऊन उठवलं आणि आपल्या उपरण्याने त्याचं तोंड पुसलं. झुलालला हा कोण माणूस, आपलं तोंड का पुसतो आणि याचे डोळे का भरलेत, काही कळलं नाही.

नाना खुर्चीतून उठले होते. गर्दीतून वाट काढत ते मगनपर्यंत गेले. नानांना माफी मागायची सवय नव्हती, आणि या वयात ती कुठून लागणार?

"दुसरी फेरी परवा शे. आज आम्हना टेम्पो जळगावले जाई राह्यना," शेवटी ते म्हणाले. "चाल. केसरना घरना रस्ता तू भूली गया व्हशी. मी दखाडस."

मगनने टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. मग तो त्यांच्यासोबत चालू लागला.

जीवराम नेहमीच्या सवयीने सोबत आणलेला फक्कीचा डबा उचलायला वाकला होता. जाता जाता नानांनी त्याच्याकडे न बघताच हाक मारली, "तो डबा दुसरं कोनी ली. तू वही ले, आनि टेम्पोमा पुढे बस."