उन्हात ठेवलेल्या अळ्या

भुजंगवर मी लई जळायचो, खोटं कशाला बोलू? लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. कॉलेजात प्राणिशास्त्राची कायम जागा एकच निघाली आणि तात्पुरते आम्ही दोघं. बाहेरून परीक्षक म्हणून सौदामिनीबाई येणार, ज्याची स्लाइड सरस त्याला जागा.

स्लाइड लाल अळीच्या लाळग्रंथीची. तिच्या पेशींच्या केंद्रकात गुणसूत्रं एवढी जाड, की साध्या सूक्ष्मदर्शकातून पट्टे मोजावेत. जनुक कामाला लागलं की तिथली गुंडाळी सैल होते, पट्टा फुगतो. बाकी सारं आवळून झोपलेलं. पण ही अळी हौदाच्या तळच्या गाळात होते, आणि त्या दुष्काळात लातुरातले हौद कोरडेठाक! मला गटारीतल्या चार मरतुकड्या मिळाल्या. भुजंगची सासुरवाडी अर्धापूरची, केळीच्या बागांची. पठ्ठ्या तिथून एसटीनं किटली भरून अळ्या घेऊन आला. लठ्ठ, लालभडक! माणसाला सासरसुद्धा पाण्याचं मिळावं!

"विरूपाक्ष, तुला देऊ का रे थोड्या?" म्हणाला.

माझं टाळकंच सरकलं. "ठेव तुझ्यापाशी," म्हटलं.

बाई यायच्या दिवशी दुपारी तो जेवायला गेला. मी त्याचा ट्रे उचलला आणि गच्चीवर रणरणत्या उन्हात ठेवला. मरा एकदाच्या! अर्ध्या तासानं त्याची यायची वेळ झाली, म्हणून ट्रे आणून जागेवर ठेवला. बघतो तर एकही मेली नव्हती, साऱ्या वळवळतच होत्या. त्यातल्याच अळ्यांची त्यानं स्लाइड केली.

बाईंनी आधी माझी स्लाइड पाहिली. "बरी आहे." मग भुजंगची. तिथून त्या उठेचनात.

"अहो, नेहमीचे फुगारे बसलेत, आणि भलत्याच जागी नवे उठलेत! झोपलेली जनुकं एकाएकी जागी झाली. काय केलंत तुम्ही?"

"काहीच न्हाई, बाई," भुजंग भाबडेपणानं म्हणाला. "साध्याच अळ्या हायत."

साध्याच! करणारा मी आणि शाबासकी याला? गप बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पण मी भुजंगला बाजूला सारून पुढं झालो.

"मी केलं!" मी ओरडलोच. "अर्धा तास उन्हात मी ठेवल्या होत्या. ती जनुकं मी जागी केली!"

बाईंचा चेहरा खुलला. "वा! उष्णतेचा परिणाम. छान प्रयोग." मग त्या जरा थांबल्या. "पण यांच्या अळ्या तुम्ही उन्हात कशासाठी ठेवल्या?"

भुजंगच्या तोंडावरचा रंग उतरला. त्याला कळलं होतं. मी माझी स्लाइड उचलली आणि डबीत ठेवून दिली.