मधल्या राज्यातून गेलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, दागिन्यांची तर मुळीच नव्हे. माझ्या पोटात एक पिस्तूल राहते. दचकू नका! ते नेमबाजीच्या स्पर्धेचे पिस्तूल आहे. आजवर त्याने कागदी लक्ष्य सोडून कोणाचेही काही बिघडवलेले नाही.

माझा जन्म व्हरमाँटच्या डोंगरात, ऑरिन टॅट्रो नावाच्या सुताराच्या हातून झाला. वादळात पडलेल्या चेरीच्या झाडाच्या फळ्या त्याने वाळवल्या, रंधा मारून गुळगुळीत केल्या आणि आपल्या बायकोसाठी मला घडवले. ही बायको म्हणजे विनी. ती शाळेची बस चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी खडीच्या जुन्या खाणीत जाऊन नेम धरायची, तोही एका हाताने. माझ्या झाकणाला आतून छोटी दुर्बीण बसवली आहे. झाकण उघडले की दुर्बीण वर येते आणि लांबच्या कागदावर गोळी कुठे लागली ते विनीला जागेवरूनच दिसते. अशी सोय कोणत्या पेटीत असते, सांगा बरे!

कुलूप मात्र मला नव्हते. एक पितळी कडी होती, तेवढीच. आमच्या गावात लोक घराला कुलूप लावत नाहीत, मग पेटीला कोण लावणार? पिस्तूल माझ्यात, काडतुसेही माझ्यातच, आणि मी मोटारीच्या मागच्या सीटवर पट्टा बांधून बसलेली. लोक हसायचे, “टॅट्रोंचं लेकरू निघालं फिरायला!” मला त्याचा भारी अभिमान वाटे. विनी जिंकली की सगळे तिची पाठ थोपटायचे आणि ती माझी.

पण दिवस सारखे राहत नाहीत. विनीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पिस्तूल लोखंडी कपाटात गेले आणि मी मेपल झाडाच्या रसाचा पाक आटवायच्या छपरीत. ऑरिनने माझ्यात खिळे भरले. पुढे उंदरांनी संसार थाटला. ज्याने मला जन्म दिला त्यानेच मला अडगळीत टाकावे, याचे मला फार वाईट वाटले. मी रडले असेन, पण लाकडाचे रडणे कोणाला ऐकू येते?

मग विनीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटल्यावर काही दिवसांतच ती छपरीत आली, उंदरांना हाकलले आणि मला तेल लावून पुसत म्हणाली, “ऑरिन, या उन्हाळ्यात ओहायो.”

ओहायोत सरोवराकाठी देशभरचे नेमबाज जमतात. तिथे उभे राहायचे स्वप्न विनीने जन्मभर उराशी बाळगले होते. आधी नोकरी आडवी आली, मग डोळे.

“पुढच्या वर्षी जाऊ की,” ऑरिन म्हणाला.

“हात कापायला लागलाय माझा. पुढचं वर्ष कोणी पाहिलंय?”

जायचे ठरले. व्हरमाँट आणि ओहायो यांच्या मध्ये अख्खे न्यूयॉर्क राज्य आडवे पसरले आहे. तिथे ऑरिनची थोरली बहीण ॲडेल राहते. तिच्याकडे जेवायचे, दोन रात्री राहायचे आणि पुढे जायचे, असा बेत झाला. पण विनीने स्पर्धेच्या ठिकाणी खोलीसाठी फोन केला, तेव्हा पलीकडच्या बाईने विचारले, “न्यूयॉर्कमधून पिस्तूल कसं आणणार आहात?” विनीने फोन ठेवला. मग ती कामालाच लागली. वाचले, विचारले, वकिलाला फोन करकरून भंडावून सोडले. आणि एके सकाळी तिने ऑरिनसमोर बॉम्ब टाकला.

“ठरवलं होतं तसं निघालो असतो ना, तर मी ओहायोऐवजी तुरुंगात पोचले असते.”

“का? दरोडा घालायला चाललीयेस?”

“इथे पिस्तुलाला परवाना लागत नाही. ओहायोतही माझं चालतं. पण न्यूयॉर्कमध्ये त्यांचा परवाना नसेल, तर नुसतं जवळ असणं हाच गुन्हा. आणि तो काय जाता जाता मिळतो होय?”

“सपाटीवर राहणाऱ्या त्या न्यूयॉर्कवाल्यांची अक्कलही सपाट! अगं, पण आपला व्हरमाँटचा कायदा?”

“तो सरहद्दीवरच्या पुलापर्यंत. पूल संपला की तो संपला.”

ऑरिनचे तोंड एवढेसे झाले. “मग गेलं म्हणायचं ओहायो?”

“जाईल कसं? देशाचा एक कायदा आहे, तो आपल्याला पार नेतो. निघतो तिथे आणि पोचतो तिथे पिस्तूल कायदेशीर हवं. मध्ये ते रिकामं हवं, हाताशी नको. काडतुसंही हाताशी नकोत. आपल्या गाडीला वेगळी डिकी नाही, म्हणून कुलूपबंद पेटी. आणि वाटेत पाहुणचार झोडत बसायचं नाही.”

“गाडीच्या पुढच्या खणात ठेवू की. त्याला किल्ली आहे.”

“नेमका तोच चालत नाही. खणाचं नाव घेऊन नको म्हटलंय.”

ऑरिनने गिरमिट आणले. माझ्या गुळगुळीत अंगाला भोके पडली, लोखंडी पट्टी बसली आणि तिच्यात कुलूप अडकले. काडतुसे वेगळ्या पत्र्याच्या डब्यात गेली. त्यालाही कुलूप. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. इतकी वर्षे इमानाने राहिले, आणि आता माझ्यावर अविश्वास!

माझ्याहून जास्त भडकली ती ॲडेल. फोनवरचा तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. “माझ्या दारावरून जाणार आणि आत येणार नाही? तुला पिस्तूल मोठं की नणंद?”

“पिस्तूल नसताना महिनाभर येऊन राहते. हाकललंस तरी जाणार नाही. पण या खेपेला नाही,” विनी म्हणाली. ॲडेलने फोन आपटला.

आम्ही पहाटे निघालो. पूल ओलांडला. विनीने गाडी वेगमर्यादेच्या जरा खालीच ठेवली होती. दुपारी महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर थांबलो, तर समोर कोण? टॉवेलात गुंडाळलेले भांडे घेऊन ॲडेल!

“थांबणार नाही म्हणालात ना? नका थांबू. पेट्रोल तर भराल! पंप कोणता ते ऑरिनकडून काढून घेतलं मी. खा उभ्याउभ्या.”

नळी गाडीच्या टाकीत आणि चमचे यांच्या तोंडात. शिजवलेले मांस झाले, सफरचंद भरून भाजलेला गोड ‘पाय’ झाला. ॲडेलचे डोळे भरून आले. “घटकाभर तरी घरी चल गं.”

“टाकी भरली, मी निघाले,” विनीने तिला घट्ट मिठी मारली.

“जिंकली नाहीस तर परतताना ‘पाय’चा तुकडा मिळणार नाही, सांगून ठेवते!”

थोडे अंतर गेलो आणि मागे पोलिसाच्या गाडीचे दिवे लुकलुकले. आमचा मागचा एक दिवा बंद पडला होता. पोलीस खिडकीशी आला. विनीचे दोन्ही हात चाकावर होते.

“मागे पेटी कसली?”

“साहेब, तिच्यात स्पर्धेचं पिस्तूल आहे. रिकामं, कुलपात. काडतुसं त्या डब्यात, तीही कुलपात. व्हरमाँटहून ओहायोला चाललोय.”

“न्यूयॉर्कचा परवाना?”

“नाही.”

माझ्या फळ्या थंड पडल्या. एवढ्या वर्षांची हौस त्या एका ‘नाही’वर लटकत होती.

“रात्री मुक्काम कुठे केलात?”

“माझ्या पलंगावर, व्हरमाँटात. इथे फक्त पेट्रोल भरलं. तिथेच नणंदेनं उभ्याउभ्या जेवू घातलं. यांच्या हनुवटीवरचा रस्सा बघा, अजून ओला आहे.”

पोलिसाने काचेतून माझ्याकडे पाहिले. कुलूप पाहिले, डबा पाहिला, ऑरिनची हनुवटीही पाहिली. त्याच्या मिशीआड हसू फुटले. “असंच सरळ निघून जा. मध्ये रेंगाळू नका. आणि तो दिवा बदला.”

ऑरिनने तिथल्या तिथे दिवा बदलला. गाडीत बसताना त्याने माझ्या कुलपावर टिचकी मारली आणि “शाब्बास पोरी!” म्हणाला. मला म्हणाला की विनीला, कोण जाणे. मी ते माझ्याच नावावर जमा केले.

आणि मग ओहायो! सरोवराचा वारा, लांबच लांब रांग आणि प्रत्येकापुढे एकेक पेटी. शेवटच्या फेरीला विनीचा हात कापत होता. तिने तो खाली घेतला, श्वास सोडला, पुन्हा उचलला. माझ्या दुर्बिणीतून मी पाहत होते. गोळ्या काळ्या वर्तुळाच्या मधोमध, एकीला एक चिकटून!

ज्येष्ठ महिलांच्या गटात सुवर्णपदक विनी टॅट्रोला, अशी घोषणा झाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. विनी मात्र लगेच गेली नाही. पिस्तूल रिकामे असल्याची तिने पुन्हा खात्री केली, ते माझ्यात ठेवले, कुलूप लावून ओढून पाहिले. सगळे मैदान तिच्यासाठी खोळंबले होते. खोळंबू दे! मग ती ताठ मानेने पुढे गेली.

मित्रांनो, रस्ता एकच असला तरी राज्य बदलले की कायदा बदलतो. घरचा रिवाज बरोबर नेऊ नका. निघण्याआधी वाटेतल्या प्रत्येक राज्याचा कायदा विचारून घ्या. विचारल्याने कोणी लहान होत नाही. माझी विनी पाहा, ती तर विजेती झाली!