लाळेने धुतलेली लेन्स

मी एक जुनी, कडक लेन्स आहे, मित्रांनो. शर्टाच्या गुंडीहूनही लहान, पण राग मात्र सदा नाकावर. तो का, ते ऐका.

तुमच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा छान फुगीर असतो. माझ्या मालकिणीचा जन्मतःच सपाट. आजार दुर्मिळ, पण या घरात पिढीजात. कारागिराने तिच्या उजव्या डोळ्याचे माप घेऊन मला घडवले. मी डोळ्यात बसले आणि तिला पहिल्यांदा सुईचे नेढे स्पष्ट दिसले. शिवणयंत्रावर बसून ती गिऱ्हाइकांना सांगे, "हिच्या जिवावर चाललंय माझं." मी फुलून जायची.

पण तिची सवय! जरा कचकच झाली की ती मला काढायची आणि सरळ जिभेवर ठेवायची. कच्चा कांदा खाल्लेली, दातांतली घाण चाटून आलेली ती बुळबुळीत जीभ. तिथून पुन्हा डोळ्यात. रात्री मुक्काम डबीत, आणि डबीच्या तळाशी शेवाळासारखा चिकट थर. मला नुसती शिसारी यायची. बाई मात्र म्हणे, "इतकी वर्षं काही झालं नाही."

तिच्या लेकीचेही डोळे असेच सपाट. छापखान्यात रंग तपासायची नोकरी लागली आणि पहिल्याच दिवशी सकाळी तिची उजवी लेन्स मोरीत वाहून गेली. पोर रडकुंडीला आली.

"रडतेस काय? माझी घाल," आई म्हणाली. "डोळे माझ्याकडूनच घेतलेस ना?"

तिने मला चाटले आणि लेकीच्या डोळ्यात बसवले. लेकीचा पडदा आईहूनही सपाट. मी तिथे डुगडुगत होते, खरवडत होते आणि लाळेतली सगळी घाण त्या ओरखड्यांत भरत होते. मला ओकारी येत होती, पण तोंड कुठे होते?

लेक चार पैसे घरी आणायच्या जिद्दीने डोळा चोळत कामावर जात राहिली. शेवटी डोळा पिकला. पापण्या पिवळ्या पुवाने चिकटल्या.

डॉक्टर म्हणाले, "आजार एकच असला, तरी माप एक नसतं. आणि थुंकी डोळ्यात घालतं का कुणी?"

पू गेला, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. रंग तपासायची नोकरी गेली.

मित्रांनो, लेन्स ज्याची त्यानेच वापरावी आणि तिला औषधाच्या पाण्याशिवाय काही लावू नये, एवढेच माझे मागणे.

आई आता साबणाने हात धुते, डबी रोज उकळते. मग लेकीचा डावा डोळा तळव्याने झाकते आणि विचारते, "दिसतंय का गं काही?"

"उजेड दिसतो, आई."