चोवीस कार्डं

ताईने कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या त्या चित्रावर दोनदा टिचकी मारली आणि हात मांडीत घेऊन वाट पाहिली. बाणाशेजारी एक गोल जरासा फिरला आणि विरून गेला. तिने पुन्हा टिचकी मारली, या वेळी जोरात. जोर लावला की यंत्रं ऐकतात असा तिचा नोकरीतला चौतीस वर्षांचा अनुभव होता. पडदा ढिम्म.

"उघड ना रे बाबा," ती म्हणाली. "काय वाईट केलंय मी तुझं?"

कॉम्प्युटर धाकट्या भावाचा होता. धाकटा तीन आठवड्यांपूर्वी सकाळी दाढी करताना कोसळला होता आणि आता इस्पितळातल्या खाटेवर पडून होता. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली, वाचताही येत नव्हतं. ही दोघं बहीणभावंडं लग्नाच्या भानगडीत न पडता एकाच घरात म्हातारी होत आली होती. ताई ग्रंथालयात कार्डं लावून निवृत्त झाली आणि धाकटा वजनमापं तपासणाऱ्या कचेरीतून. त्याचं आयुष्य दुसऱ्यांच्या काट्यांतली खोट शोधण्यात गेलं होतं, त्यामुळे त्याचा विश्वास कुणावरच नव्हता. बँकेवर तर नव्हताच. निवृत्तीचे पैसे त्याने बिटकॉइन की काय, कॉम्प्युटरवरच्या त्या न दिसणाऱ्या नाण्यांत घातले, आणि ताईने कपाळावर हात मारला तेव्हा हसून म्हणाला, "ताई, याला कुणी हात लावू शकत नाही. मीच लावू शकतो."

आता त्याला स्वतःच्या पांघरुणालाही नीट हात लावता येत नव्हता.

इस्पितळातल्या व्यायामवाल्या बाईंनी ताईला स्पष्ट सांगितलं होतं. "काकू, पहिले सहा महिने महत्त्वाचे. उपचार केंद्रात ठेवलंत, रोज बोलण्याचा आणि हाताचा व्यायाम झाला, तर बरंच परत येईल. नंतर मग कठीण." केंद्राची फी ताईने दोनदा विचारून घेतली. तिच्याजवळ होतं ते इस्पितळाने आधीच गिळलं होतं. राहिलं होतं ते या पेटीत, त्या मुक्या चित्रामागे.

ग्रंथालयात शेवटची दहा वर्षं ताईने कॉम्प्युटर वापरला होता, नाही असं नाही. पण तिथे खालच्या कोपऱ्यात ओळखीचं बटण असायचं, तिथून सगळीकडे जाता यायचं. इथे कोपऱ्यात काहीच नव्हतं. वर एक काळी पट्टी आणि डावीकडे चित्रांची रांग. आजारी पडायच्या आदल्याच आठवड्यात धाकट्याने जुनं सगळं पुसून हे लिनक्स का काय ते बसवलं होतं. "यात चोर शिरत नाहीत," म्हणाला होता. चोरांचं माहीत नाही, ताईला मात्र शिरता येईना.

शेवटी तिने कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा जाडजूड माणूस, धाकट्याचा दोस्त. दोघं दुकानात तासन्‌तास गप्पा छाटत बसायचे. तो आला, खुर्चीत बसला, खुर्ची करकरली.

"ताई, हे वॉलेट, म्हणजे त्या नाण्यांचं पाकीट, नुसतं उतरवून घेतलंय. चालवायची परवानगीच दिली नाहीये."

"परवानगी कुणी द्यायची?"

"आपणच."

"मग मी दोन दिवस काय करतेय? एवढी गयावया केली त्याची!"

तो हसला. चित्रावर उजवी कळ दाबली, एक चौकट उघडली, तिच्यातल्या एका छोट्या घरात बरोबरची खूण केली. मग दोनदा टिचकी. पडद्यावर हळूहळू एक करडी खिडकी उभी राहिली. ताईचा जीव भांड्यात पडला. तिने देवाचं नाव घेतलं आणि चहा टाकायला उठली.

"थांबा ताई. अजून आत नाही गेलो." दुरुस्तीवाला पडदा वाचत होता. "जुनं पुसताना वॉलेटही पुसलंय त्याने. आता नव्याने भरायचं, तर हे चोवीस शब्द मागतंय. इंग्रजी शब्द. त्याने कुठेतरी लिहून ठेवले असणार. ती चावी समजा. तिच्याशिवाय कुणाच्या बापालाही उघडता यायचं नाही."

"शब्द?" ताईच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "आहेत की! माझ्या खणात आहेत!"

ग्रंथालयाने कार्डांची पद्धत मोडीत काढली तेव्हा ताईने एक लाकडी खण आणि हजारभर कार्डं घरी आणली होती. पाठकोऱ्या कार्डांवर घरातल्या याद्या, निरोप, दुधाचे खाडे सगळं लिहिलं जायचं. धाकटा तिची त्यावरून खूप थट्टा करायचा. पण महत्त्वाचं लिहायची वेळ आली तेव्हा त्यानेही तीच कार्डं घेतली होती. ताईने खण आणून टेबलावर ठेवला आणि अभिमानाने चोवीस कार्डं बाहेर काढली. प्रत्येकावर त्याच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द. अँकर, बास्केट, कँडी, गार्डन, लॅडर.

दुरुस्तीवाल्याने टंकायला सुरुवात केली. पाचव्या शब्दाला त्याचा हात मंदावला. मग त्याने उरलेली कार्डं भराभर चाळली. रिव्हर. विंडो. शेवटी झेब्रा.

"ताई, हे शब्द असे एबीसीडीच्या क्रमाने कसे?"

"मी लावले ना!" ताई म्हणाली. "त्याला इस्पितळात नेलं त्या दिवशी कपडे घ्यायला आले होते घरी. काय करावं सुचत नव्हतं. खण उघडा दिसला. म्हटलं, काय हा पसारा, झेब्रानंतर गार्डन! सळई काढली आणि नीट लावून ठेवले."

खणाच्या तळातून एक पितळी सळई जाते. प्रत्येक कार्डाच्या खालच्या भोकातून ती ओवली की कार्डं जागची हलत नाहीत. धाकट्याने आकडे घातले नव्हते, सळईवर भरवसा ठेवला होता. जगात कुणावरही विश्वास न ठेवणारा माणूस, त्याने बहिणीच्या खणावर ठेवला. आणि ती सळई सहज काढू शकणारं माणूस घरात एकच होतं.

दुरुस्तीवाल्याने कार्डांची चळत टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "क्रम हीच चावी असते, ताई."

"मग आपण परत लावू. चोवीसच तर आहेत. मी लाखभर लावलीत."

त्याने समजावायचा प्रयत्न केला. चोवीस कार्डं किती तऱ्हांनी मांडता येतात, जगातले सगळे कॉम्प्युटर रात्रंदिवस लावले तरी ती मोजणी संपणार नाही, असं काही. ताई मान डोलावत होती. तिला त्यातलं एकच कळलं, की तो नजर वर करून तिच्याकडे पाहत नाही. ती जमिनीवरच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. आईवडील गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती, कारण तेव्हा चूक तिची नव्हती.

पंधरा दिवसांनी धाकटा घरी आला, केंद्रात न जाता. ताईने त्याला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, कार्डं त्याच्यापुढच्या पाटावर ठेवली आणि मान खाली घालून सांगून टाकलं. "अरे, मी ती लावली. मला काय माहीत? पसारा वाटला मला." त्याला किती कळलं देव जाणे. तो कार्डांकडे पाहत राहिला. डोळ्यांच्या कडा भरल्या, घशातून एक ओबडधोबड आवाज आला. मग त्याने डाव्या हाताने एक कार्ड उचललं आणि पाटाच्या वरच्या कडेला मांडलं. मग दुसरं त्याच्या शेजारी. अर्ध्या तासात चोवीस कार्डं लागली. त्याने बोटाने कॉम्प्युटरकडे खूण केली.

ताईने शब्द भरले. लाल ओळ आली. शब्द चुकीचे आहेत.

दुसऱ्या दिवशी त्याने वेगळीच मांडणी केली, तितक्याच खात्रीने. पुन्हा लाल ओळ. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग तो शिरस्ताच पडून गेला. सकाळी एकदा, दुपारी एकदा, चहाआधी एकदा. तो मांडायचा, ती भरायची. त्याला अक्षरं कळत नाहीत हे ताईला ठाऊक होतं. कधी कार्ड उलटंही ठेवायचा. ती मुकाट्याने सुलट करायची. आठवड्यातून एकदा व्यायामवाल्या बाई यायच्या, त्या मात्र खूश होत्या. "काकू, बोटं छान उचलतायत. हे चालूच ठेवा." उजव्या हाताबद्दल आणि बोलण्याबद्दल त्यांनी विचारायचं सोडून दिलं होतं.

"केंद्रात गेला असता तर?" ताईने एकदा दारात विचारलं.

"आता त्याचा विचार करू नका," बाई म्हणाल्या आणि चपला घालायला वाकल्या.

तीन महिने झाले असतील. ताईला आता कळफलकाकडे पाहावं लागत नव्हतं. ती शब्द भरत होती आणि मनात भाजी काय करावी याचा विचार चालला होता. शेवटचा शब्द टाकून तिने बटण दाबलं. लाल ओळ आली नाही.

ती थांबली. करडी खिडकी मिटली, आणि एक मोठी पांढरी खिडकी उघडली. वर त्या वॉलेटचं चिन्ह, खाली कप्पे, मधोमध मोठ्या ठळक अक्षरांत आकडा.

"अरे!" ताई ओरडली. "अरे, उघडलं! तू उघडलंस!"

धाकट्याने मान वळवली. ताईने त्याची खुर्ची ओढत पडद्यापुढे आणली. मग तिने चष्मा नीट केला आणि आकडा वाचला. शून्य. त्यानंतर टिंब. त्यानंतर आठ शून्यं.

तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात विचारलं.

"होतं तसं, ताई," तो म्हणाला. "दोन-अडीचशे चुकीच्या क्रमांत एखादा त्या यंत्राला बरोबर वाटतो. मग ते दार उघडतं. पण ती खोली आपली नसते. कुणाचीच नसते. रिकामीच."

"म्हणजे त्याचे पैसे..."

"आहेत ना. जिथे होते तिथेच आहेत." मग तो म्हणाला, "त्याला सांगू नका."

ताईने फोन ठेवला. नळ सोडून तोंडावर पाणी मारलं आणि पदराने पुसलं. बाहेर आली तेव्हा धाकटा पुढे झुकून पडद्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू हसत होती. इतकं हसू तिने त्या आजारानंतर पाहिलं नव्हतं. त्याने तिला डोळ्यांनीच जवळ बोलावलं आणि बोट पहिल्या शून्यावर टेकवलं.

मग त्याने मूठ मिटून अंगठा उघडला. एक. दुसऱ्या शून्यावर बोट, मग परत मूठ, आणि अंगठ्यासोबत तर्जनी. दोन. असं एकेक शून्य शिवून तो एकेक बोट उघडत गेला. पाचव्याला पंजा पुरा झाला. उजवा हात मांडीवर पडलेला. त्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग ताईकडे.

"किती रे, पुष्कळ आहेत का?" तिने विचारलं. आवाज ठीक लागला.

त्याने जोरजोरात होकाराची मान हलवली. ताईने आपला हात मिटून त्याच्यापुढे धरला. त्याने सहाव्या शून्याला बोट लावलं आणि तिचा अंगठा उघडला. सातव्याला तर्जनी. आठव्याला मधलं बोट. नवव्याला अनामिका. प्रत्येक बोट तो हलकेच सरळ करत होता, काट्याचं वजन पारड्यात ठेवावं तसं. ताईची करंगळी तेवढी मिटलेली राहिली.