टेबलाचा चौथा पाय

बाबा इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत पास झाले. हे वाक्य आलंच नाही असं धरून चला. निकालाचा मेल आला तेव्हा आम्ही दोघंही घरात होतो आणि दोघंही घरात नसल्यासारखे बसून राहिलो.

तर, बाबा अजून नापास आहेत.

बाबा सुतार. ताई लग्न करून परदेशात गेली, तिथे आजारी पडली, आणि डॉक्टरांनी भावोजींना बाजूला घेऊन जे हळू आवाजात सांगतात ते सांगितलं. ताईला बाबा जवळ हवे होते. तिथल्या सरकारचं म्हणणं, या की, पण आधी इंग्रजी बोलून दाखवा. फार नको. वस्तू कुठे आहे एवढं विचारता-सांगता आलं की झालं.

मग आमच्या घरातली एकूण एक वस्तू हरवली. मी रंधा लपवायचो आणि तोंड वर करून विचारायचो, वेअर इज रंधा? बाबा म्हणायचे, रंधा इज अंडर द खुर्ची. मी म्हणायचो, खुर्चीलाही इंग्रजी शब्द आहे. ते म्हणायचे, खुर्ची मी केली, तिला काय म्हणायचं ते मी बघेन.

संध्याकाळी ताई फोनवर उजळणी घ्यायची. बोलता बोलता तिला दम लागायचा, ती थांबायची. बाबांना वाटायचं आपलं उत्तर चुकलं. मग ते घाईघाईने उत्तरातलं टेबलाखालचं मांजर काढून टेबलावर ठेवायचे.

एकदा तिने विचारलं, "वेअर इज युअर डॉटर?"

"डॉटर इज इन द बेड."

"बरोबर, बाबा."

फोन ठेवल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, इन म्हणजे आत ना? पलंगाच्या आत आपण गाद्या ठेवतो. पोरगी कशी असेल आत?

परीक्षेत बाईंनी चित्र पुढे सरकवलं. टेबल, त्याच्याखाली मांजर. वेअर इज द कॅट? हे बाबा झोपेतही सांगायचे, मी ऐकलंय. पण चित्रातल्या टेबलाचा चौथा पाय जमिनीला टेकत नव्हता. चित्रकाराने तो बोटभर वरच सोडला होता. बाबा त्या पायाकडेच बघत राहिले. बाईंनी पुन्हा विचारलं. बाबांनी मान वाकडी करून चित्राच्या खालून बघितलं. पाय अधांतरी आहे, हे सांगायला त्यांना इंग्रजी सापडेना, आणि ते सांगितल्याशिवाय नुसतं मांजराचं सांगणं मनाला पटेना. वेळ संपली.

घरी येऊन म्हणाले, "अरे, ते टेबल कलंडणार होतं. खाली जीव होता."

ताईला हे सांगितलं तर ती हसत सुटली. हसता हसता खोकली, खोकून झाल्यावर पुन्हा हसली. म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी टेबल पडू द्या. मांजर पळेल त्याचं ते. तुम्ही फक्त या."

पुढची वेळ यायला बरेच दिवस लागले. बाबांनी तेवढ्यात ताईसाठी पाठ टेकायची फळी करून ठेवली, बॅगेत बसेल अशी, घडीची. दुसऱ्या परीक्षेत त्यांनी टेबलाच्या पायांकडे बघितलंच नाही. मांजर, घड्याळ, छत्री, सगळं जिथल्या तिथे सांगितलं.

निकालाची वाट बघत होतो तेव्हा भावोजींचा फोन आला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, तिला ठेवलं ती पेटी कुणी केली. भावोजींना माहीत नव्हतं.

आता आमच्याकडे काही हरवत नाही. रंधा रंध्याच्या जागी असतो. घडीची फळी माझ्या कॉटखाली आहे. ती कुठे आहे हे बाबा विचारत नाहीत आणि मी सांगत नाही.

सबब, मेहेरबान परीक्षा मंडळास सविनय विनंती की, अर्जदार पास झाल्याचा निकाल रद्द करून त्यांची पहिली परीक्षा नव्याने घेण्यात यावी. तारीख पहिल्या परीक्षेचीच ठेवावी. बाई त्याच चालतील, मांजरही तेच चालेल. टेबल अर्जदार स्वतः घेऊन येतील. त्याचे चारही पाय टेकतात.